तीन मुक्या पट्ट्या

रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मास्तरांनी ऑर्गनची एक काळी पट्टी दाबली आणि काहीच वाजलं नाही.

त्यांनी पुन्हा दाबली. आत कुठेतरी वारा फुसकन सुटला. सूर नाही.

त्यांच्या डाव्या हाताला बाई बसल्या होत्या, मांडीवर पानांची चळत घेऊन. सगळी नोकरी त्यांनी ग्रंथालयात काढली, पण गाव त्यांना ओळखे ते पानं उलटणाऱ्या बाई म्हणून. एकतीस वर्षं कार्यक्रम कुठलाही असो, मास्तरांची मान हलायच्या आत बाईंचा हात पानाच्या कोपऱ्यावर गेलेला असे. कार्यक्रम संपला की मास्तर म्हणत, "पानं अगदी वेळेवर, बाई." तेवढ्यावर बाईंचे पुढचे काही महिने निघत.

"बाई, काल तालमीत वाजत होती ना ही?"

"चांगली वाजत होती."

मास्तरांनी सगळ्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे दाबत नेल्या. आणखी दोन मुक्या निघाल्या. एकूण तीन. तिन्ही काळ्या.

मास्तरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्याला कारण होतं. हा हॉल पाडून तिथे नगरपालिकेला गाड्या लावायची जागा करायची होती. गावकऱ्यांनी अर्जांवर अर्ज केले तेव्हा एवढंच कबूल झालं की वाद्य चालू स्थितीत असेल तर हॉल राहील. ते पाहायला बांधकाम खात्याच्या मॅडम आज येणार होत्या. त्या चारच्या कार्यक्रमात बसून ऐकतील अशीच सगळ्यांची समजूत होती. पण अर्ध्या तासापूर्वी त्यांचा फोन आला होता. तीनला येते, एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या स्वतः दाबून बघते.

पूर्वी या हॉलमध्ये उभं राहायला जागा मिळत नसे. लोक खिडक्यांच्या कट्ट्यावर बसून ऐकत. आता त्या खिडक्यांच्या काचांवर पुठ्ठे होते आणि ऑर्गनमधल्या नळ्यांच्या चार रांगांपैकी एकच रांग शाबूत होती, पट्टीमागे एक नळी. त्या रांगेचा सूर गेला की सगळंच गेलं.

"कानसेनला बोलवा," मास्तर म्हणाले. "आणि चिमणीला काही सांगू नका. गायच्या आधी तिच्या जिवाला घोर नको."

चिमणी म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण, वय वर्षं सदुसष्ट. बाकी सगळे त्यांना ताई म्हणत. कार्यक्रमाचा शेवट त्यांच्या गाण्याने होई, कायम त्याच एका. तालमीत ते त्या कधी गात नसत. बाहेरच्या फळ्यावर आजही मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: अखेरचं गाणं, मूळ सुरात.

बाईंनी पानं नीट लावली. त्या गाण्याची प्रत मास्तरांच्या हातची होती. दर तीन-चार वर्षांनी ते ती नव्याने लिहून काढत. का, ते बाईंना माहीत होतं. त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं.

कानसेन आला. वाद्य जुळवणारा, तिखट कानाचा, तोंडाने त्याहून तिखट. शिपायाने ऑर्गनच्या मागचं छोटं दार उघडून दिलं, कानसेन आत शिरला आणि लगेच बाहेर आला.

"तीन नळ्या गायब आहेत. उपटून नेल्यात."

मास्तर बाकावर बसून राहिले. बाई उठल्या. तीन वाजायला अडीच तास होते. आधी त्यांनी हॉलच्या शिपायाला गाठलं.

"ऑर्गनच्या दाराचं कुलूप तुटलंय?"

"छे! आत्ता मीच किल्लीने उघडलं."

"किल्ल्या किती?"

"तीन. एक माझ्या कमरेला. एक मास्तरांच्या घरी खुंटीवर. एक कानसेनकडे."

"काल तालमीनंतर कोण कोण परत आलं?"

"सगळेच आले की! तुम्हा गाण्यावाल्यांचं एक काही जागेवर राहील तर शपथ. कानसेन हत्यारांची पेटी न्यायला आला. ताई थर्मास विसरल्या म्हणून आल्या. मास्तर चष्म्याला आले, तालमीच्या आधीच माझ्या टेबलावर ठेवून गेले होते. तुम्ही तेवढ्या आला नाहीत."

"आणि तुम्ही? हॉल पडला तर तुमची तळमजल्यावरच्या कचेरीत बदली आहे म्हणे."

"आहे ना. गुडघे दुवा देतील. पण बाई, त्या जंगलातून नेमक्या कुठल्या तीन काढायच्या ते मला कळतंय होय? मी चोर असतो तर चांगली पुरुषभर उंचीची काढली असती. निदान नेल्यासारखी तरी वाटली असती!"

बाईंना हसू आलं, पण टिकलं नाही. त्या कानसेनकडे वळल्या.

"कुठल्या गेल्या?"

"बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस. प्रत्येक नळीच्या पायाशी आकडा ठोकलेला असतो. बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब. पिशवीतसुद्धा मावतील."

"ओळीने उभ्या असतात?"

"नाही. निम्म्या डावीकडे, निम्म्या उजवीकडे. आकडा वाचल्याशिवाय सापडायची नाही."

बाई पट्ट्यांपाशी गेल्या. डावीकडून बोटाने मोजत गेल्या. मग परत मोजल्या.

"अरे, पण मुक्या पट्ट्या त्रेचाळीस, पंचेचाळीस आणि सत्तेचाळीस आहेत."

"हां, ते होय! हे वाद्य पूर्वी अर्धा सूर चढं होतं. माझ्या वडिलांनी उतरवलं. प्रत्येक नळी एकेक घर पुढे सरकवली आणि तळाला एक नवी बसवली. तेव्हापासून बेचाळीसची नळी त्रेचाळिसाव्या पट्टीवर बोलते. वर ठोकलेले आकडे जुनेच राहिले."

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"वडिलांना होतं, ते गेले. आता मला. मास्तर बाकावर बसणारे, ते आत कशाला धूळ खायला येतील?"

"तुझ्याकडे कोणीतरी या नळ्या विकत मागितल्या होत्या."

"अख्खी रांग मागितली होती. तीन दात नेऊन कोणाची कवळी होते का?" कानसेन चिडला. "सगळे मलाच धरा. वस्तू माझ्याच जातात आणि संशयही माझ्यावरच. ताईंनी महिन्यापूर्वी माझा नादकाटा नेलाय, त्याचा पत्ता नाही."

"ताईंना नादकाटा कशाला?"

"घरी गळा तपासते म्हणाल्या. आपटला की नेमका तोच सूर देतो. कधी बदलत नाही, कधी खोटं बोलत नाही."

बाई मागच्या खोलीकडे वळल्या.

तिथे ताई येऊन बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, मांडीवर थर्मास, त्यावर दोन्ही हात. बातमी त्यांना कळली होती. एवढ्याशा हॉलमध्ये काय लपणार? "म्हणजे आता शेवटचं गाणं नाही घेता येणार," त्या हळूच म्हणाल्या.

"पट्ट्या मॅडमही दाबणार आहेत, ताई. एकूणएक."

ताईंनी वर पाहिलं. "एकूणएक? त्या तर नुसत्या ऐकायला येणार होत्या ना?"

त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. त्यांनी शिपायाला पाणी मागितलं आणि नळाचं गार पाणी घटाघटा प्यायल्या.

"तुमची गाण्याची प्रत जरा देता?" बाईंनी विचारलं.

ताईंची प्रत छापील होती, पिवळी पडलेली. पहिल्या कार्यक्रमापासूनची. बाई ती घेऊन ऑर्गनपाशी गेल्या. गाण्याची सगळ्यात वरची ओळ काढून त्यांनी एकेक सूर पट्टीवर मोजला. मग मास्तरांच्या हातची प्रत उघडून तीच ओळ पुन्हा मोजली.

मग त्यांनी पानं मिटली. कोडं सुटल्याचा आनंद होईल असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं होतं.

अडीच वाजता त्यांनी सगळ्यांना मागच्या खोलीत बसवलं. मास्तर, कानसेन, शिपाई. ताई तिथेच होत्या.

"चोराला आकडे वाचायचे होते," बाई म्हणाल्या. "बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस. या तीन पट्ट्या पांढऱ्या आहेत. त्याला या तीन पांढऱ्या मुक्या करायच्या होत्या. झाल्या त्यांच्या शेजारच्या काळ्या. म्हणजे नळ्या सरकवलेल्या त्याला ठाऊक नव्हत्या. कानसेनला ठाऊक होत्या. कानसेन सुटला."

"आभारी आहे," कानसेन म्हणाला.

"शिपायांना सूर कळत नाहीत. तेही सुटले. या तीन पांढऱ्या पट्ट्या कशाच्या? शेवटच्या गाण्यात गळा सगळ्यात वर जातो, त्या तीन जागा. तेवढ्या मुक्या झाल्या की एकच गाणं गळणार होतं. बाकी कार्यक्रम पार पडणार होता. चोराला ऑर्गन मारायचा नव्हता. त्याला ते एक गाणं नको होतं."

"म्हणजे मी," मास्तर म्हणाले. "किल्ली माझ्या घरची. गाणं मला माहीत. बोला ना."

"तुम्ही नाही, मास्तर. त्या जागा या तीन पट्ट्यांवर येतात त्या फक्त छापील प्रतीत. तुमच्या प्रतीत त्या खाली आहेत. तुम्ही हे गाणं मूळ सुरात अकरा वर्षं वाजवलेलं नाही. ते अजून मूळ सुरात चाललंय असं मानणारं माणूस या खोलीत एकच आहे."

बाई ताईंकडे वळल्या.

"ताई, आज तुम्ही गाण्याआधी नळाचं गार पाणी प्यायलात. थर्मास मांडीवर असताना."

ताईंनी थर्मासचं झाकण फिरवलं. कोणाला मदत करू दिली नाही. थर्मास उपडा केला. टेबलावर तीन नळ्या घरंगळल्या.

"चिमणे!" मास्तर म्हणाले.

"नादकाटा घेऊन बघितलं, दादा. मूळ सूर लावला आणि गळा फाटला. रोज लावला, रोज फाटला. मला वाटलं, एका वर्षात गेला आवाज." ताई नळ्यांकडेच बघत होत्या. "तू फळ्यावर लिहून ठेवलंस. सगळ्या गावासमोर फाटला असता. तुझ्या खुंटीवरची किल्ली घेतली. म्हटलं, वाद्याचा दोष निघू दे. म्हाताऱ्या वाद्याला कोण नावं ठेवतं? कार्यक्रम झाला की गुपचूप परत बसवणार होते. मॅडम दाबणार हे कळलं, तर तुम्ही सगळे तिथे उभे."

"अगं, मला म्हणायचंस!"

"आणि तू म्हणालास?" ताईंनी मान वर केली. "अकरा वर्षं?"

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "तीनदा उतरवला. अर्धा अर्धा सूर. तू इतकी खुशीत गायचीस. आजही खालीच वाजवणार होतो. तुला कळलंसुद्धा नसतं."

"बाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," बाई म्हणाल्या.

कानसेनने एक नळी उचलून उजेडात धरली. तिचं तोंड चेपलं होतं. बाकीच्या दोन्हींचेही पाय मुडपले होते. "मऊ धातू आहे. सरळ वर उचलायची असते, पिळून नाही. हे दोन दिवसांचं काम, बाई. दुसरीकडच्या नळ्या इथे आणल्या तर तिकडे भोक पडेल. मॅडम ते दाबणारच."

मॅडम बरोबर तीनला आल्या. चांगल्या स्वभावाच्या होत्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला वाईट वाटतं हो. पण माझ्या कागदावर दोनच चौकोन आहेत, चालू आणि नादुरुस्त. आणि तो आजच द्यायचाय." त्यांनी एकसष्ट पट्ट्या दाबल्या, दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि सव्वातीनला गेल्या.

चारला सव्वीस माणसं आली. कोणाला काही सांगितलं नाही.

शेवटच्या गाण्याआधी ताई ऑर्गनपाशी वाकल्या. "दादा, कुठल्या सुरात?"

"उतरलेल्याच. पण त्यातली सगळ्यात वरची जागा तुझ्या त्या मुक्या त्रेचाळिसावरच येते. तिथे माझी साथ नसेल."

"असू दे."

त्या गायल्या. आपण कुठे उभ्या आहोत हे पहिल्यांदाच माहीत असून गायल्या. ती जागा आली, ऑर्गन गप्प झाला आणि ताईंचा सूर एकटाच वर उभा राहिला. सरळ, स्वच्छ, जराही न हलता. पहिल्या रांगेतली मॅडमसाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती.

बाई ऐकत राहिल्या आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा पान उलटायचं राहून गेलं.

मास्तर थांबले नाहीत. बोटं पुढच्या पानावर गेली, पान मागचंच उघडं होतं. बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर पानावर नव्हतीच, बहिणीवर होती. मग बाईंना शिपायाचं बोलणं आठवलं. चष्मा तालमीच्या आधीच टेबलावर राहिला होता. काल अख्खी तालीम मास्तरांनी चष्म्याशिवाय वाजवली होती आणि बाई शेजारी बसून एकेक पान उलटत होत्या.

कालच, की नेहमीच? ते त्यांनी शोधलं नाही. एका दिवसात एक उलगडा पुष्कळ झाला.

त्यांनी पान उलटलं. गाणं संपतच आलं होतं.

टाळ्या विरल्या. उद्या सकाळी नळ्या काढायला माणसं यायची होती. मास्तरांनी झाकण लावलं, त्यावर हात ठेवून जरा उभे राहिले आणि बाईंकडे वळले.

"पानं अगदी वेळेवर, बाई."

"हो ना," बाई म्हणाल्या आणि पानांची चळत नीट लावू लागल्या.