साक्षीदारास थांबवून ठेवल्याबाबत

विषय : ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेला शिपाई धाकू, राहणार मानपाड्यानजीक, तालुका कल्याण, याने अपंगत्वाचे पेन्शन नाकारल्याविरुद्ध केलेले अपील.
संदर्भ : साक्षीदार सहदेव याची जबानी.

हा मथळा माझ्याच अक्षरातला. ठाण्याला माजी सैनिकांचे अर्ज पाहणाऱ्या एका कचेरीत मी कारकून होतो. अर्ज पाहणं म्हणजे तो आपल्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर गेलेला पाहणं. दिव्याची वात जरा वर करा, म्हणजे पुढचं सांगतो.

धाकू लढाईतून आला तो मुका होऊन आला. अंगावर जखम नव्हती, ओरखडाही नव्हता. शिवाय लांबून कुणी कुणालाही हाक मारली, की हातातलं टाकून तो जमिनीवर पालथा पडे. शेतातली कामं हाकांवर चालतात. अशाला कामावर कोण घेणार? बायको मालन खाणीवर दगड फोडून दोघांचं भागवत होती. डॉक्टरांच्या मंडळानं धाकूचा घसा तपासला, तो उत्तम निघाला. तेव्हा असं ठरलं, की ही व्याधी लष्करी सेवेमुळे जडलेली नाही. घसा उत्तम असून माणूस बोलत नसेल, तर तो त्याचा खाजगी प्रश्न.

मालननं अपील केलं. अपिलाचा निकाल देणारी मंडळी अर्जदाराचं तोंड पाहत नाहीत, कागदाचं पाहतात. त्यांनी कळवलं : त्या रात्री खंदकात काय घडलं हे सांगणारा साक्षीदार आणा. हजर झाला तर जबानी घ्या. गैरहजर राहिला तर अपील फेटाळलं जाईल. आता, खंदकात दोघंच होते. धाकू आणि मालनचा धाकटा भाऊ सहदेव. सकाळी धाकू सापडला; सहदेव सापडलाच नाही. पण सरकारदरबारी तो मेलेला नव्हता, बेपत्ता होता. मेलेल्याला समन्स काढता येत नाही, बेपत्त्याला येतं.

साक्षीदाराला गैरहजर लिहिण्याआधी शिपायानं त्याचं नाव तीनदा पुकारायचं, ही कचेरीची रीत. सहदेवचा शेवटचा पत्ता बहिणीच्या घरचा. म्हणून बावन्न सालच्या मार्गशीर्षात मी आणि आमचा शिपाई पोपट डोंबिवलीला उतरून पायी निघालो. नसलेल्या माणसाला हाका मारायच्या आणि परत यायचं, एवढंच काम. वाट चुकलो आणि पोचेपर्यंत तिन्हीसांजा झाल्या.

घर गावाबाहेर होतं. अंगणात पेंढ्याचा वास होता आणि त्याखाली आणखी एक वास. नुकत्याच उकरलेल्या ओल्या मातीचा. भोवतालची शेतं तर कोरडीठाक होती. धाकू भिंतीला टेकून बसला होता. मालननं चिमणी लावली.

पोपट उंबऱ्याशी घुटमळला. "भाऊसाहेब, तिन्हीसांजेला... गेलेल्याचं नाव घ्यायचं?"

"गेलेला नाही, बेपत्ता आहे," मी म्हणालो. "कागद वाच."

मालन मात्र पुढं झाली. "मारा हाक. तो नाय आला तर अपील जातंय ना आमचं? मंग मारा. माझा भाऊस हाय तो. माझ्यासाठी येल."

पहिल्या हाकेला धाकू पालथा पडला. दुसऱ्या हाकेला बाहेरचे रातकिडे थांबले, आणि मातीचा वास घरात शिरला. मालननं नवऱ्याला उठवून बसवलं, तांब्या त्याच्या तोंडाला लावला. त्याचे गाल पाण्यानं फुगलेले होते, ओठ घट्ट मिटलेले होते. पोपटनं तिसऱ्यांदा नाव पुकारलं.

"हजर."

आवाज धाकूच्या छातीतून आला. ओठ हलले नाहीत, पाण्याचा थेंब सांडला नाही. आवाज कोवळा होता, मिसरूड फुटलेल्या पोराचा. मालनच्या हातून तांब्या पडला.

नोकरीचा गुण असा, की घाबरण्याआधी मी दौत उघडली होती.

"नाव?"

"सहदेव."

"त्या रात्री काय घडलं?"

"मी खंदकाबाहेर पडलो होतो... पोटात लागली होती. धाकूला हाका मारत होतो. जवळच होता तो... त्यानं ओ दिली नाही."

"का?"

"हुकूम होता. रात्री दुश्मन आपली नावं घेऊन हाका मारायचा... ओ दिली की गोळी. मी उजाडेपर्यंत हाका मारत होतो. त्यानं स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं... दोन्ही हातांनी."

याहून चोख जबानी मी उभ्या नोकरीत घेतली नाही. व्याधी हुकमामुळे जडली, हुकूम लष्कराचा. अपील जिंकल्यात जमा होतं. मालन भिंतीला धरून एवढंच म्हणत होती, "लिवा सायेब, सगला लिवा."

मग आवाजानं विचारलं, "आता जाऊ?"

पोपटचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण कचेरीच्या दारात प्रत्येक साक्षीदाराला तो रोज जे सांगे, तेच त्याच्या तोंडून सवयीनं बाहेर पडलं. "निकाल लागेपर्यंत जायचं नाही. थांबायचं."

"बरं," आवाज म्हणाला.

मग धाकूनं तोंडातलं पाणी गिळलं.

मी जबानी वर पाठवली. वरून विचारणा आली : आवाज धाकूचा असल्यास तो मुका नाही, सबब पेन्शनचा प्रश्न उद्भवत नाही. आवाज सहदेवचा असल्यास तो पलटणीतून पळालेला ठरतो. त्यास ताब्यात घेऊन पाठवावे. शिवाय जबानीवर अंगठा नाही. खुलासा व्हावा. खुलासा मी केला. त्यावर आणखी खुलासा मागवण्यात आला.

अठ्ठावन्न साली मी निवृत्त झालो. त्याआधी मालन धाकूला घेऊन ठाण्याला आली. पेन्शन नको म्हणाली. "नामंजूर करून टाका, सायेब. निकाल लागला म्हंजे तो जाईल. रोज रातभर यांच्या छातीतून यांनाच हाका मारतो... आन् यांना ओ देता येत नाय."

मी नियम सांगितला. साक्षीदार हजर असताना अपील फेटाळता येत नाही. आणि खुलासा पुरा होईपर्यंत मंजूरही करता येत नाही. ती माझ्या टेबलाची कड धरून बराच वेळ उभी होती.

धाकू बाकाच्या टोकाला बसला होता, दोन्ही तळवे तोंडावर दाबून. पोपट त्या रात्रीपासून कुणाचं नाव पुकारत नसे, जवळ जाऊन खांद्याला हात लावी. धाकूच्या तेवढा तो जवळ गेला नाही. मीच गेलो, कचेरी बंद व्हायची वेळ झाली म्हणून सांगायला. वाकलो, तेव्हा त्याच्या छातीतून हळूच विचारणा झाली.

"लागला का निकाल?"

अपील प्रलंबित आहे.