पहिल्या रांगेतलं प्यादं

"हे प्यादं इथे कसं आलं?"

बाहेरच्या खोलीतून संचिताचा आवाज आला आणि कणीक मळता मळता नंदा थांबली... आज ठाण्याला, नौपाड्यात, संचिताच्या बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी, थोड्या वेळात मोहन्याच्या घरून निघायचं, आणि नेमकं आजच हे व्हावं!

संचिता लहान असताना नंदा प्रभाकरची दुसरी बायको होऊन या घरात आली. पोरीने तिला कधी आई म्हटलं नाही. मावशी म्हणायची, तेही काम असलं तर. सगळा जीव बापात. प्रभाकर बोटीवर नोकरीला, पण नंदाच्या फोनवर रोज बुद्धिबळाचं एक कोडं पाठवायचा. नंदा ते पटावर मांडायची आणि पोर शाळेआधी सोडवायची. त्या कोड्यांनीच तिच्या खेळाला धार आली होती.

गणपतीनंतर कोडी यायची थांबली. रिकामा पट बघून पोरीचं तोंड उतरलं, सराव सुटला, जेवणावरची वासना गेली... नंदाला ते बघवेना. तिने कल्याणहून कोड्यांचं पुस्तक आणलं, पिठाच्या डब्यामागे लपवलं आणि त्यातली चित्रं बघून ती सोंगट्या मांडू लागली. "बाबांनी पाठवलंय," एवढंच सांगायची. मांडता मांडता तिलाही त्याचं वेड लागलं! भाजी चिरताना अचानक मात सुचली की अंगावर काटा यायचा, आणि ते सांगायला घरात कोणी नसायचं. कौतुक सगळं बाबांचं व्हायचं. तिने ते आनंदाने होऊ दिलं.

"प्यादं दुसऱ्या रांगेतून निघतं, मावशी, आणि ते मागे जात नाही. मग पहिल्या रांगेत येईलच कसं? बाबा असं कधीच मांडणार नाहीत."

नंदा अडवायच्या आत संचिताने बाबांना फोन लावलाही होता. प्रभाकर पलीकडून हसला. गणपतीनंतर आपण एकही कोडं पाठवलं नाही, कामातून डोकं वर काढायला वेळ मिळत नाही, असं सांगून त्याने घाईघाईत फोन ठेवला.

संचिताने फोन पटाशेजारी ठेवला. नंदाला वाटलं, पोरीचा धीर खचला, आजचा डाव गेला, तर ते पाप आपल्याच माथी...

"तू मांडत होतीस?"

"तू जेवत नव्हतीस गं... चुकले मी."

संचिता पटाकडे वळली. मग तिने ते प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि स्टूल नंदाकडे ढकललं.

"बस. सोडव."

पिठाचे हात पदराला पुसत नंदा बसली. तिने वजीर उचलून थेट राजाजवळ ठेवला.

"आई, घाई करतेस. तो घोडा वजीर खाईल ना. परत बघ."

नंदा पटावर वाकली. घोडा... हा इथे. मग त्याला आधी इथून हलवायला हवं... आणि एकदम तिला दिसलं, लख्ख दिसलं!

"उंट! आधी उंट द्यायचा! घोडा त्याला खायला गेला की वजिराने मात!"

"हं. आता साडी बदल. तू पण येणारेस."

उंट हातात घेऊन नंदा उठली... आणि दारापाशी थबकली. पोरीने मघाशी काय हाक मारली होती?