एका कार्डावर दोन हात

ग्राफिक्स कार्डाच्या एकाच खोक्यावर दोन हात पडले—एक माझा, एक त्याचा. सवलतीतलं तेवढं एकच कार्ड कॉम्प्युटरच्या त्या दुकानात उरलं होतं. मी हात काढला नाही. त्यानंही नाही!

"मी आधी धरलंय," मी म्हणाले.

"मी आधी पाहिलं होतं."

"नुसतं पाहून वस्तू आपली होत नाही हो."

"तेही खरंच..." असं म्हणत त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं भांडण मला आठवेचना.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं हाच माझा धंदा, त्यामुळे डोळ्यांना मी सहजी भुलत नाही. पण हे डोळे भारी चौकस होते. तो बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करतो, हे नंतर कळलं.

"बाकी काय काय घेताय?" त्यानं विचारलं.

"सगळ्यात महागाचा प्रोसेसर. रंगीत दिव्यांची कॅबिनेट. आणि पॉवर सप्लाय अगदी स्वस्तातला, त्याला कोण बघतंय!"

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. त्यासाठी खोक्यावरचा हात काढावाच लागला, आणि कार्ड माझं झालं.

"अहो, स्वस्तातला पॉवर सप्लाय जळताना बाकीच्या भागांनाही घेऊन जातो!" तो कळवळून म्हणाला.

मला कॉम्प्युटर हवा होता तो दादासाठी. लहानपणी आम्ही एका खुर्चीत दाटीवाटीनं बसून गेम खेळायचो. आता तो नोकरीसाठी दूर गेलाय. फोनवर 'जेवलीस का' विचारून झालं की दोघांनाही पुढचं काही सुचत नाही. पुन्हा एकत्र खेळलो तर बोलणंही सुचेल, असं मला वाटायचं. हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला त्याच दिवशी का सांगितलं, देव जाणे.

मग दर शनिवारी आम्ही त्या दुकानात भेटू लागलो. एका वेळी एकच वस्तू घ्यायची, पण चर्चा मात्र तासभर.

"प्रोसेसर मधल्या किमतीचाच घ्या. हा स्वतः चित्र दाखवत नाही, म्हणून स्वस्त. चित्र काय ते कार्ड दाखवेल. आणि मेमरीची एक मोठी पट्टी नको, दोन छोट्या घ्या. जोडीनं जास्त वेगात चालतात."

"जोडीनं?"

"मेमरीबद्दल बोलतोय मी..." त्याचे कान लाल झाले.

"आणि माझे रंगीत दिवे?"

"दिव्यांनी गेम पळत नाही."

"पण दिसतात तर छान!"

वस्तू घरी येत गेल्या तशी मला हुरहुर लागली. कॉम्प्युटर पुरा झाला की शनिवारी भेटायचं कशासाठी? त्याच्या मनात काय आहे, याचा तर थांगच लागत नव्हता.

शेवटी एका रविवारी तो जोडणीला घरी आला. येताना कॅबिनेटमध्ये बसवायचा रंगीत दिव्यांचा एक पंखा घेऊन आला—"दुकानात पडून होता," म्हणे! स्क्रू त्यानं पिळले, स्क्रीनची वायर मी लावली. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले... पण स्क्रीन काळाच.

त्यानं मागे वाकून पाहिलं. त्याची नजर एका जागी थबकली आणि लगेच दुसरीकडे वळली.

"बघायला हवं," म्हणत त्यानं मेमरी काढली, पुसली, पुन्हा बसवली. मग कार्ड काढलं. मग पुन्हा मेमरी.

दारातून आई म्हणाली, "लिफ्टही अशाच दुरुस्त करता का हो? मग माणसं जिन्यानंच जात असतील."

तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. ती थबकलेली नजर माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी मागे वाकले. माझी वायर कार्डाऐवजी मदरबोर्डला लागली होती! मदरबोर्डवर चित्र येतं ते प्रोसेसरकडून, आणि आमचा प्रोसेसर चित्र दाखवतच नाही, मग तिथून काय येणार? हे त्यानंच तर सांगितलं होतं. आणि आता बघूनही गप्प? का?

मी वायरला हात न लावता जागेवर येऊन बसले.

"सापडलं काही?" तो आल्यावर मी साळसूदपणे विचारलं.

"नाही बुवा. पुढच्या रविवारी यावं लागणार."

"तेव्हाही नाही सापडलं तर?"

"मग त्याच्या पुढच्या..."

"माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

त्यानं पाहिलं, आणि हसूच फुटलं त्याला. "कळलं ना तुला?"

तुला! आत्तापर्यंत 'तुम्ही' होतं. "तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"हा सुरू झाला असता, तर मला यायला कारण उरलं नसतं." तो म्हणाला. "आवडतेस तू मला. आणि त्या दिवशी... खोक्यावरचा हात मी कपाळासाठी नव्हता काढला."

वाकून मी वायर काढली आणि कार्डाला लावली. स्क्रीन उजळला.

"झालं," तो हळूच म्हणाला. "आता?"

"आता कारणाशिवाय ये."

संध्याकाळी दादाचा आवाज हेडफोनमधून कानात घुमला. "किती उशीर गं! काय बिघडलं होतं?"

शेजारच्या खुर्चीवर तो हसू दाबत बसला होता.

"काही नाही रे दादा," मी म्हणाले. "काहीच बिघडलं नव्हतं."