कुंपणाजवळच्या बोअरचं पाणी

तुम्ही म्हणाल, थापा मारतोय. नाही मारत. हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय, तेही भर दुपारी तीन वाजता.

मामा पाण्याचे नमुने गोळा करायचे. त्या दिवशी काम होतं बंद पडलेल्या गॅस कारखान्याच्या आवारात. तिथे पूर्वी कोळसा भाजून गॅस काढायचे आणि उरलेलं डांबर सरळ जमिनीत सोडायचे. कारखाना बंद होऊन पन्नास वर्षं झाली. डांबर खालीच राहिलं.

कुंपणापलीकडे मामांच्या लेकीचं, म्हणजे आमच्या ताईचं, नवं घर. तिच्या बोअरला सील होतं. मामांनी ‘पाणी ठीक’ लिहिलं की ते निघणार. तोवर ताई वर्षाचं बाळ कडेवर घेऊन लांबून पाणी भरत होती. बापाचा जीव तुटायचा.

मामांनी आवारातल्या, कुंपणाजवळच्या बोअरमधून बाटली भरली. पाणी अगदी नितळ.

आता, यात एक नियम असतो. अशा जागी तासभर काम केलं की नाक सरावतं, काही कळेनासं होतं. म्हणून वास दुसऱ्यानं घ्यायचा. मामांसाठी ते काम ड्रायव्हर करायचा.

मागे पावलं वाजली. मामांनी न वळताच बाटली मागे धरली.

"काय रे, वास येतोय?"

कुणीतरी खोल श्वास घेतला...

"नाही."

मामांनी लिहून टाकलं. वास नाही, पाणी ठीक. मग वळले.

मागे कुणीच नव्हतं...

गाडी दूर फाटकाबाहेर होती. ड्रायव्हर आत आ वासून घोरत होता.

आणि बाटलीच्या गळ्यावर काळी बोटं उमटली होती. ओली.

धावत जाऊन मामांनी ड्रायव्हरला उठवलं, बाटली त्याच्या नाकाशी धरली.

"बाप रे, साहेब! डांबरगोळ्यांचं कपाट उघडलंत की काय?"

मामांनी लेकीला फोन लावला.

"अगं, त्या पाण्याला हात लावू नकोस!"

"असं काय करता, बाबा? तुमच्या माणसानं आत्ताच सील काढलं की."

"माझा कुठला माणूस?"

"ते म्हातारेसे... हात काळे आहेत बघा. तुम्हीच पाठवलंत ना? अजून इथेच आहेत."

"काय करतोय तो?"

"बाळाला पाणी पाजतायत."

साठीला टेकलेले मामा कुंपण चढून गेले. घरात ताई होती, बाळ होतं, रिकामा पेला होता... तिसरं माणूस नव्हतं.

मामांनी तो कागद फाडला. बोअर बुजवलं, ताईनं घर सोडलं. बाळ आता सहा वर्षांचं आहे. खणखणीत आहे, दिवसभर घर डोक्यावर घेतं.

फक्त त्याला वास येत नाही. कशाचाच.

मामा अजूनही त्याच्या नाकाशी काही ना काही धरतात. कांदा, साबण, रॉकेलचा बोळा... पोरगं हसून मान हलवतं. मामा मागच्या दारी जाऊन रडतात, मी स्वतः पाहिलंय. डॉक्टर म्हणतात, घोटभर पाण्यानं असं होत नाही. मग कशानं झालं, ते कुणी सांगत नाही.