हात लावण्याआधी

सरावाच्या पुतळ्याचा हात धांदलच्या हातात निखळून आला, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. लहानपणी दादाने ठेवलेलं हे नाव तिचा पाठलाग करत नर्सिंग सहायकाच्या वर्गापर्यंत आलं होतं. प्रात्यक्षिकात ती एकदा नापास झाली होती. पुन्हा तसंच झालं, तर मुकाट्याने दादाच्या दुकानात बटणं विकायला बसायचं, असं घरी ठरलं होतं. आणि परीक्षा आठवड्यावर आली असताना बाईसाहेब पुतळ्याचा हात धरून उभ्या!

शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "जिवंत माणूस शोधून आण जा," त्या म्हणाल्या, "त्याचे हात तरी घट्ट बसवलेले असतील."

ती तणतणत बाहेर पडली ती थेट चादरींच्या ट्रॉलीवर आदळली. धुतलेल्या चादरींचा ढीग अंगावर कोसळला... गरम इस्त्रीचा वास, आणि ढिगामागून एक चेहरा — आधी घाबरलेला, मग हसू दाबणारा. हॉस्पिटलच्या धुलाईघरातला चादरीवाला होता तो.

"लागलं का हो?"

"ट्रॉलीला ब्रेक असतो. तो लावायचा असतो," ती म्हणाली. मग त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिने विचारलं, "दुपारी मोकळे असता का?"

त्या बिचाऱ्याला वाटलं, चहाला विचारतेय. तो विचार न करता हो म्हणाला, आणि थोड्याच वेळात सरावाच्या खाटेवर आडवा झाला.

काम तसं साधं होतं. अंगात त्राण नसलेल्या रुग्णाला कुशीवर वळवायचं आणि त्याला न उठवता खालची चादर बदलायची. रुग्णाने फक्त अंग सैल सोडायचं. पण हा गडी! खांद्याला बोट लागलं की आक्रसायचा, कमरेला हात गेला की खिदळायचा. एकदा तर खाटेवरून पडता पडता वाचला.

"तुम्ही बेशुद्ध आहात," ती दातओठ खात म्हणाली.

"आहेच की," तो डोळे मिटून म्हणाला. "गुदगुल्यांना कुणी कळवलं नाही वाटतं."

तिने दुसरा माणूस शोधून पाहिला. वॉर्डबॉय हात जोडून पळाले, वर्गातल्या मैत्रिणींना आपलं आपलं पुरे झालं होतं. हा मात्र रोज दुपारी हजर. येताना ढिगातली सगळ्यात मऊ चादर बाजूला काढून आणायचा आणि वर म्हणायचा, "आज नाही हसणार, शप्पथ." मग हसायचा. तिच्या डोक्याला काय कमी ताप होता? त्यात दुपार झाली की तिचे कान ट्रॉलीच्या कुरकुरणाऱ्या चाकाकडे लागू लागले, त्याचा तिला आणखीच वैताग आला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा धीर सुटला.

"आता मी तुमचा खांदा धरणार आहे," ती एकेक शब्द चावत म्हणाली. "मग कमरेला हात लावणार आहे. मग तुम्हाला माझ्याकडे वळवणार आहे. आणि हसलात, तर याच चादरीत गुंडाळून धुलाईघरात पाठवीन."

तो हसला नाही. मळलेल्या कणकेसारखा सैल पडून अलगद वळला. ती बघतच राहिली. मग खात्री करायला तिने काही न बोलता त्याच्या दुसऱ्या खांद्याला बोट लावलं, तर तो वीतभर उडाला. पुन्हा सांगून हात लावला... गप्प.

मोठ्या सिस्टर पहिल्या दिवसापासून घसा कोरडा करून हेच सांगत होत्या. आधी सांगा, विचारा, मग हात लावा. खाटेवरचा माणूस आधीच धास्तावलेला असतो. धांदलने ते घडाघडा पाठ केलं होतं, पण करताना कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हणजे आठवडाभर ती ज्याच्यावर करवादत होती, त्याची काही चूकच नव्हती. तिला स्वतःचा भयंकर राग आला. आणि हा माणूस रोज दचकायला का येत राहिला, हा प्रश्न तिला तेव्हा पहिल्यांदा पडला.

परीक्षेत तिने खाटेला ब्रेक लावला आणि एकेक गोष्ट सांगून, विचारून करत गेली. रुग्ण म्हणून खाटेवर चादरीवालाच होता, आज्ञाधारकपणे लुळा पडलेला. पण तिने त्याला आपल्याकडे वळवलं आणि त्याचा चेहरा इतका जवळ आला, की पुढचं सगळं तिच्या डोक्यातून उडालं. परीक्षक बाईंचं पेन थांबलं. धांदलला दुकानातले बटणांचे डबे दिसू लागले.

त्याने डोळे उघडले. हलला नाही, नुसता तिची वाट बघत राहिला.

"आता मी हा कठडा वर लावून... तुमच्या पाठीमागे जाणार आहे," तिने कसंबसं म्हटलं. "चालेल ना?"

"परत इकडे याल ना?"

"येईन," ती म्हणाली.

रुग्णाच्या शंकेचं समाधान केलं, म्हणून परीक्षक बाईंनी मान डोलावली.

ती पास झाली. मोठ्या सिस्टरांनी तिच्या पाठीत धपाटा घातला, तोही न सांगता. ती धावतच बाहेर आली. तो ट्रॉलीपाशी उभा होता, चादरीची नीट असलेली घडी पुन्हा पुन्हा नीट करत.

"आता मी तुमचा हात हातात घेणार आहे," तो म्हणाला. "मला तुम्ही... फार आवडता. त्रास होणार नाही. चालेल ना?"

चाक कुरकुरलं आणि ट्रॉली हळूहळू उताराला लागली.

"आधी ब्रेक," ती वैतागून म्हणाली. "किती वेळा सांगायचं हो तुम्हाला?"

तो धावला आणि ब्रेक लावायला वाकला. तो सरळ होतोय न होतोय तोच तिने त्याचा हात धरला, न सांगता, न विचारता. तो दचकला आणि इतका खिदळला, की मोठ्या सिस्टर दार उघडून बघायला आल्या. तिने हात सोडला नाही.