शंभर ओहमचं कुंपण

केसरबाईंनी टेबलावर हात आपटला आणि पाण्याचा ग्लास कलंडला.

"माह्या मालकाले हार्ट अटॅक नाई आला! तळहात काया ठिक्कर पडला होता त्याइचा. मंग काऊन आयकत नाई कोनी?"

मदतनीस आसिम पाणी पुसायचं विसरून बघत राहिला. खामगावच्या त्या तपास कार्यालयात रडणारी माणसं पुष्कळ येत. इतकी पेटलेली बाई त्यानं पाहिली नव्हती.

मंजुश्री गवई पुढे झुकली. खासगी तपासात पडण्याआधी ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. "सगळं सांगा, काकू."

केसरबाईंचा नवरा सहदेव जळगाव जामोदजवळ पुंजाजीच्या शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी होता. सकाळी गवत कापायला गेला आणि मक्याच्या कुंपणाशी मरून पडलेला सापडला. कुंपणाला रानडुकरांसाठी बॅटरीवरचं झटका मशीन आहे, त्यानं माणूस मरत नाही, सहदेवचं काळीजच कमजोर होतं, असं पुंजाजीनं सांगितलं. पोलिसांनी ते लिहून घेतलं. शवविच्छेदनाचा अहवाल अजून यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेतावर पोचले. गवतावर दव होतं आणि गवत कुंपणाच्या तारेला चिकटलं होतं. मंजुश्रीनं मल्टीमीटरची एक पिन तारेला लावली, दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला.

"एकशेचार ओहम," ती पुटपुटली.

"म्हणजे?" आसिमनं विचारलं.

"तार जमिनीपासून नीट वेगळी ठेवलेली नाही. आत टाकलेला करंट गवतातून मातीत झिरपणार."

पुंजाजी मशीन काखेत घेऊनच आला. "हे पाहा मॅडम. बारा व्होल्टची बॅटरी. डुक्कर पयते, मरत नाई."

"आणि खांबावरची लाईन?"

"ते मोटरीवर होती. रातभर मक्याले पानी चालू होतं, धो धो. स्टार्टर मीच दाबला, सकाळी मीच बंद केला. खोलीची चावी माह्या करदोड्याले असते. लाईन मोटरीवर, तं कुंपनात कुठून यीन?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "वायरिंग गावातल्या त्या फहीम मिस्तरीनं केली बरं."

आसिमला हे पटलं, आणि पटलं म्हणून त्याचं डोकं आणखीच तापलं. मंजुश्री मात्र स्टार्टरच्या खोलीत जाऊन मोटरीची पाटी वाचत होती: तीन एचपी, सिंगल फेज, पाण्यात बुडवायची.

फहीम गावातल्या दुकानात जळालेल्या मोटरीत नवी तार भरत होता. कुंपणाचं नाव काढताच त्यानं पक्कड फेकली.

"सब मेरे पे ढकल रहे! साहेब, माही वायरिंग पक्की हाय. खोलीतल्या बल्बाची लाईनबी येगळी टाकली. स्टार्टरच्या मीटरवर फक्त त्याच्या पुढं जानारा करंट दिसते, बाकी काईच नाई. कोनी नंतर तार जोडली असन तं मी काय करू?"

बाहेर येताच आसिम म्हणाला, "हाच! किती चिडला, पाहिलंत?"

"तूही चिडलायस. तू केलंस का?"

पुंजाजीची सून डिंपल शेतातले व्हिडिओ मोबाईलवर टाकायची. सहदेव गेला त्याच्या आदल्या संध्याकाळचा तिचा एक व्हिडिओ होता: खोलीच्या दारात कणीस भाजणारी डिंपल, वर गाणं. "मामंजीनं स्टार्टर दाबला अन् कुलूप लावाच्या आंधी म्या रेकॉर्ड केलं," ती म्हणाली. "मोटर चालू होती का, ते नाई समजत. विहिरीतून आवाज येतच नाई."

मंजुश्रीनं चित्र मोठं केलं. डिंपलच्या खांद्यामागे स्टार्टरच्या मीटरवरचे लाल आकडे स्पष्ट होते. व्होल्ट २३०. अँपिअर २.३.

तिनं केसरबाईंना आणि ठाण्यातल्या जमादारांना शेतावर बोलावलं. सगळे जमल्यावर ती पुंजाजीकडे वळली.

"त्या रात्री या स्टार्टरवर मोटरच होती ना?"

"हाव. हजार खेपा सांगतलं."

"पाणी धो धो चाललं?"

"हाव!"

"जमादारसाहेब, व्होल्टला अँपिअरनं गुणलं की पॉवर निघते. दोनशेतीस गुणिले दोन पॉइंट तीन. पाचशेएकोणतीस वॅट. एक एचपी म्हणजे सातशेसेहेचाळीस वॅट, म्हणजे तीन एचपीची मोटर पाणी उपसायला बावीसशेच्या वर मागणार. कमीत कमी पावणेदहा अँपिअर. या करंटवर ती पाणी उपसूच शकत नाही."

"मीटर खराब असन," पुंजाजी म्हणाला.

"मग भागाकार करू. व्होल्ट भागिले अँपिअर, की रोध निघतो, म्हणजे विजेला होणारा अडथळा. जे काही जोडलं होतं, त्याचा रोध होता शंभर ओहम. बल्बाची लाईन वेगळी आहे. झटका मशीन बॅटरीवर चालतं, ते या मीटरवर येतच नाही. मग शंभर ओहमचं इथे आहे काय?" तिनं बाहेर बोट केलं. "मी कुंपण मोजलं. एकशेचार. ओल कमीजास्त झाली की चारपाचचा फरक पडतोच."

आता आसिमला दिसलं: त्या रात्री लाईन कुंपणातच सोडलेली होती.

"फहीमनं तार चुकीची जोडली असन!" पुंजाजी ओरडला. "मले काय मालूम?"

"वायरिंगमधला दोष असता तर मोटरीचा करंटही मीटरवर दिसला असता. तो नाही. कोणीतरी मोटरीची तार काढून कुंपणाची लावली होती. चावी तुमच्या करदोड्याला. स्टार्टर तुम्हीच दाबला, तुम्हीच बंद केला. हे मी नाही शोधलं, पुंजाजी. तुम्हीच सांगितलं. रात्रभर पाणी चाललं, हे खोटंही तुम्हीच सांगितलं. मोटर बंद होती हे ज्याला ठाऊक होतं, त्यालाच त्या खोट्याची गरज होती. सकाळी सहदेव मेलेला दिसल्यावर तार काढलीत आणि मशीन टांगलंत."

पुंजाजीचे ओठ हलले. "मशीनले डुकरं भेत नोते... सकाळी बंद करनारच होतो. थो लवकर गेला, मी काय करू?"

आसिम त्याच्यावर धावला. जमादारांनी त्याला छातीशी अडवलं.

डिंपलनं स्वतःचा मोबाईल जमादारांच्या हातात दिला. "याच्यात हाय तो व्हिडिओ."

"सुनबाई!" पुंजाजी गरजला. "घरातली हायेस तू!"

"सहदेवकाका रोज आपल्या ओट्यावर जेवत होते, मामंजी," ती म्हणाली. "त्याइले निदान सांगाचं तरी होतं."

केसरबाई पुढे झाल्या. त्यांनी हात उचलला नाही की शिवी दिली नाही. पुंजाजीच्या अगदी समोर उभ्या राहून विचारलं,

"डुकरायनं खाऊन खाऊन किती कनसं खाल्ली असती, मालक?"

पुंजाजीनं मान खाली घातली.

"वर पाहा," केसरबाई म्हणाल्या. "आकडा सांगा मले."

जमादारांनी त्याचा दंड धरेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.