फितीवरची कुमुद

आश्विनातला परतीचा पाऊस वाशीमच्या बाजारावर असा कोसळला, की भाजीवाल्यांना टोपल्या झाकायलाही सवड मिळाली नाही. त्याच धांदलीत एक उंच, किडकिडीत तरुण पूनमचंदांच्या दुकानाच्या पायऱ्या धावतच चढला. अंगात नुसतं बनियन, आणि सदरा कशाला तरी गुंडाळून छातीशी घट्ट धरलेला. केसांतून पाणी निथळत होतं.

गल्ल्यावर पूनमचंदांची लेक कंचन बसली होती. तिनं आधी त्या बोचक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लेकरू हाये का त्यात?"

"नाही... फीत हाये. टेपरेकॉर्डरची." त्यानं सदरा उलगडला. आतला पत्र्याचा चपटा डबा अगदी कोरडा होता. "इथं मशीन भाड्यानं भेटते म्हणे?"

"भेटते. लगन हाये का बारसं?"

"डोळा हाये," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

हसला तेव्हा त्याच्या एका गालाला खळी पडली. कंचननं ती पाहिली नाही, असं ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली.

पूनमचंदांचा धंदा लाउडस्पीकरचा. मालेगावचं लग्न असो की पोहरादेवीची यात्रा, भोंगे त्यांचेच वाजायचे. मशीन उघडणं, फीत चढवणं, माइक जोडणं हे कंचनला स्वयंपाकाच्या आधीपासून येत होतं. आणि हा पाहुणा म्हणजे अजितकुमार, कारंजाचा, कॉलेजात नुकताच प्राणिशास्त्र शिकवायला आलेला. चौऱ्याहत्तर साली वाशीमला एवढी बातमी पसरायला एक दुपार पुरे होती.

कंचननं फीत चढवली, खटका दाबला. भोंग्यातून तडतड सुरू झाली, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी.

"फीत खराब हाये तुमची."

"खराब नाही. बेडकाचा डोळा बोलून राह्यला." तो पुढे वाकला. "डोळ्यात मागं पडदा असते ना, त्याच्यात मज्जापेशी असतात. पेशीच्या भिंतीले लय बारीक दारं. उजेडाची वर्दी भेटली का दारं उघडतात, बाहेरचे मिठाचे भारलेले कण आत घुसतात... अन् विजेचा एक ठोका! लगेच दारं बंद, पेशी पुन्हा तयार. तो एक ठोका म्हणजे ही एक टिक."

"अन् उजेड मोठा असला, तर ठोका मोठा?"

अजितकुमारनं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला पदर सारखा करावासा वाटला.

"तथीच तर गंमत हाये! ठोका तेवढाच राह्यते. उजेड वाढला का ठोके भराभर पडतात, कमी झाला का सावकाश. अन् मेंदूले हेच ठोके पोचतात, उजेड नाही."

कंचनला हे फार आवडलं. त्याहून जास्त आवडलं ते हे, की हा माणूस तिला समजेल असं धरूनच बोलत होता. आणि नेमकं तेव्हाच भोंग्यातून एक बाई बोलली.

"दिवा लावते हं, अजित..."

आवाज असा, की आकाशवाणीवाल्यांनी घरी येऊन घेऊन जावा. कंचनचा हात खटक्यावरच थांबला.

"ह्या कोण?"

"कुमुद. नागपूरच्या प्रयोगशाळेत संगं होतो आमी. तारा अन् मशीन मी पाहे, बेडूक ती कापे. माह्यानं ते झालं नाही... आपल्या जैनांच्या घरात मुंगी बाजूले करून पाय टाकतात. म्हणून ही फीत घेऊन इकडं आलो. एकदा भरलेली फीत शंभर पोरायले ऐकवता येते, दर वर्षी बेडूक मारायचं कारण नाही." त्यानं बोट वर केलं. "आता ही दुसरी पेशी ऐका. दिवा असला का गप्प, अन् दिवा गेला का तडतड!"

"उलट्या काळजाची दिसते," कंचन म्हणाली. मनात मात्र ती त्या पेशीला म्हणत नव्हती.

अजितकुमारची एक अडचण होती. त्याचा नेम दिवस बुडायच्या आत जेवण्याचा, आणि खानावळीची चूल पेटायची दिवेलागणीनंतर. पूनमचंदांना हे कळताच त्यांनी फर्मान काढलं, "आपलं पोरगं गावात उपाशी झोपते म्हणजे काय?" झालं. रोज उन्हं कलली की तो दुकानात येई, तिथंच ठेवलेली फीत ऐके, आणि मग मागच्या घरात पाटावर बसे. कंचनची आई, प्रेमाबाई, वाढायची आणि कंचन गरम भाकरी आणून द्यायची. तो ताटाकडे बघून जेवायचा. मध्येच वर बघायचा... आणि लगेच वरणाची तारीफ करायचा. वरण प्रेमाबाईंनी केलेलं असायचं, त्यामुळे तारीफ भलत्याच घरी पोचायची.

सगळं गोड होतं, पण प्रत्येक घासाला कुमुद होती. कुमुद म्हणते असं, कुमुदचं मत तसं. कंचनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जी बाई सकाळी उठून बेडूक कापते तिचं नाव हा माणूस जेवताना घेतो, आणि ताटातली मुंगी मात्र फुंकर मारून जपतो!

एका संध्याकाळी तो म्हणाला, "कुमुदचं पत्र आलं. नागपूरले जागा निघाली, परत ये म्हणते. दिवाळीच्या आत कळवा लागते."

कंचनच्या हातातली भाकरी त्याच्या ताटाऐवजी पाण्याच्या तांब्यावर पडली.

"मंग?" तिनं विचारलं.

"पाहू," तो म्हणाला, आणि वरणाची तारीफ केली.

कॉलेजात पोरांना फीत ऐकवायच्या आदल्या दुपारी कंचन दुकानात एकटीच होती. बाप मागे घोरत होता, आणि त्यांचा माइकवाला मेहबूब भोंगे घेऊन पोहरादेवीला गेलेला. तिनं फीत लावली. तडतड आली, आणि मग तो आवाज. "दिवा लावते हं, अजित..." त्यातला तो 'हं' तिला मिरचीसारखा झोंबला. प्रयोगशाळेत दिवा लावायला 'हं' कशाला लागतो?

तिनं फीत मागे नेली आणि रेकॉर्डिंगचा लाल खटका दाबला. जिथे जिथे कुमुद बोलली होती, तिथे तिथे बाई पुसली गेली. ठोक्यांना धक्का लागू दिला नाही. सुईत दोरा ओवणाऱ्या हातानं ती फीत पुसत होती, आणि सुरुवातीला तोंडानं जे यायचं तेही येऊन गेलं. काम संपल्यावर तिला जरा बरं वाटलं.

हे बरं वाटणं संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

"उद्या सोपं हाये," अजितकुमार जेवताना म्हणाला. "दिवा कधी लागला, कधी गेला, हे कुमुद फितीवर सांगतेच. नाहीतर नुसत्या तडतडीतून पोरायले काय समजन? प्राचार्य म्हणतात, पोरायले समजलं तर औंदा बेडूक नाही कापणार."

सांगावं म्हणून कंचननं तोंड उघडलं, पण आई समोर होती, बाप समोर होता. तिनं आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मेहबूब परतला नव्हता, म्हणून मशीनबरोबर कंचनलाच जावं लागलं. कॉलेजचा हॉल गच्च भरलेला, पुढे प्राचार्य, मागे पोरांचा गलका. पूनमचंद आपले भोंगे नीट वाजतात का ते बघायला दारात उभे. अजितकुमारनं खूण केली. कंचननं खटका दाबला.

"आता मॅडम दिवा लावतील," तो म्हणाला. "ऐका."

भोंग्यातून आवाज आला. पण तो कुमुदचा नव्हता.

"लय गोड बोलते बाई! बेडूक कापणारी! दिवा लावते म्हणे... लाव तुह्या घरी!"

माइक! लाल खटका दाबून फीत पुसताना माइक काढून ठेवायचा हे तिला लहानपणापासून पाठ होतं, आणि रागात नेमकं तेच राहिलं होतं. हॉल हसून कोसळला. प्राचार्यांनी चष्मा काढला. दारात पूनमचंदांनी डोक्याला हात लावला. कंचनला वाटलं, पायाखालची फरशी फाटावी.

अजितकुमार भांबावून उभा होता. तडतड सुरू झाली होती आणि तिचा अर्थ सांगणारं कुणी नव्हतं. त्याचा तो चेहरा तिला बघवेना. एवढी फीत तिनं रोज संध्याकाळी ऐकली होती, चिडून का होईना. तिनं माइक उचलला.

"दिवा लागला," ती म्हणाली. ठोके एकदम भराभर आले होते, मग जरा सैल पडले. "तोच दिवा हाये अजून... आता मोठा केला." तडतड वाढली. "आता गेला." सगळं शांत.

"दुसरी पेशी," अजितकुमार हळूच म्हणाला.

भोंगे गप्प होते. पोरंही गप्प झाली. कंचन कान देऊन उभी राहिली, आणि एकदम तडतड उसळली.

"गेला! दिवा गेला!"

अजितकुमारचा चेहरा उजळला. तो पोरांकडे वळला. "या बाईंनी दिवा पाहिला का? नाही. नुसते ठोके ऐकले आणि उजेड सांगितला. तुमचा मेंदूही असाच कवटीच्या अंधारात बसलेला आहे. त्यानं जन्मात उजेड पाहिलेला नाही. त्याला फक्त हे ठोके कळतात, आणि त्यातून तो आख्खं जग बघतो." टाळ्या वाजल्या. प्राचार्य उठून उभे राहिले आणि म्हणाले, औंदा बेडूक राहू द्या.

कंचनला त्यातलं काहीच धड ऐकू आलं नाही. तिनं फीत डब्यात घातली आणि बापाच्या मागोमाग खाली मान घालून दुकान गाठलं.

"गावभर वाजलं," पूनमचंद कण्हत म्हणाले. "अन् माह्याच भोंग्यातून!"

तेवढ्यात भुरभुर पाऊस सुरू झाला आणि अजितकुमार पायऱ्या चढून आला. पूनमचंदांना अचानक मागच्या घरात काम आठवलं.

"मी पुसला तो आवाज," कंचन म्हणाली. रडू आवरत नव्हतं. "तुमची फीत खराब केली. तिचं नाव ऐकवत नव्हतं मले. आता जा नागपूरले. तथी चांगली फीत भेटन."

तो गल्ल्यावरचा डबा उचलून हातात फिरवत राहिला.

"बोला ना काही! एरवी तर..."

"मले... तुमच्यासमोर बोलता येत नाही," तो म्हणाला. "पेशींचं येते. वरणाचं येते. बाकी तोंडातून निघत नाही. पायऱ्या उतरलो का मंग आत जे सुरू होते, ते खोलीवर जाईपर्यंत थांबत नाही. त्या दुसऱ्या पेशीसारखं."

कंचननं डोळे पुसले.

"मंग उतरा पायऱ्या."

"आता?"

"आताच. मले ऐकायचं हाये."

तो खरंच उतरला. रस्त्यात, भुरभुर पावसात उभा राहिला. केस पुन्हा कपाळाला चिकटले. समोरचा पानवाला पान लावायचं विसरला.

"मले तुमच्यासंगं लगन करायचं हाये!" तो ओरडला. "रोज भाकरी मोजून जास्तीची खातो, बसायले भेटावं म्हणून! नागपूरले मी चाललो नाही. कुमुदले कालच पत्र टाकलं!"

कंचनच्या आत तडतड उठली. ती दारापर्यंत आली, चौकट धरून उभी राहिली. आता हो म्हणायचं तेवढं उरलं होतं. पण आधी एक गोष्ट विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"पत्राच्या वर काय लिवलं? 'प्रिय कुमुद'?"

"'सविनय नमस्कार'."

कंचननं चौकट सोडली.

"मंग या वर," ती म्हणाली. "काहून भिजून राह्यले?"